स्लाइड फिल्मचे स्कॅनिंग : ग्रेन व हाताळणीच्या समस्या, त्यांचे निदान आणि निवारण
विशेष संदर्भ : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा

सारांश :

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराचे औद्योगिकीकरण ज्या दशकांत घडले, त्याच दशकांत रंगीत स्लाइड हे छायाचित्रणाचे एक प्रमुख माध्यम होते. कारखान्यांचे प्रशिक्षण विभाग, हौशी छायाचित्रकार व अनेक कुटुंबे यांच्याकडे अशा स्लाइड आजही पडून आहेत. त्यांचे स्कॅनिंग करताना चित्र दाणेदार दिसणे, ठिपके व रेघा उमटणे, काही भाग धूसर होणे, इंद्रधनुषी वलये दिसणे अशा तक्रारी वारंवार येतात. या सर्व दोषांना सरसकट ‘ग्रेन’ म्हणण्याची व संगणकाच्या साह्याने ते पुसून टाकण्याची प्रवृत्ती आढळते. प्रस्तुत लेखात या दोषांची कारणे वेगवेगळी करून दाखविली आहेत आणि निदानाच्या सोप्या कसोट्या व निवारणाचे उपाय यांचे विवेचन केले आहे. निदान न करता केलेली दुरुस्ती दोषाबरोबर माहितीही नष्ट करते, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : स्लाइड फिल्म, ग्रेन, स्कॅनर, अवरक्त स्वच्छता, बुरशी, स्थानिक इतिहास, जतन.

१. प्रस्तावना :

पुणे-मुंबई मार्गावरील पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढील दोन दशकांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांचे रूप पालटले. १९७० मध्ये येथे नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. खेड तालुक्यातील चाकण हे संग्रामदुर्गासाठी आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वाहन उद्योगाचे केंद्र बनले. शेतजमिनीवर कारखाने कसे उभे राहिले, पहिल्या पिढीतील कामगार कोणत्या यंत्रांवर काम करीत होते, वाड्या-वस्त्यांचे मूळ रूप कसे होते, या प्रश्नांची उत्तरे सरकारी कागदपत्रांत अल्प प्रमाणात मिळतात. छायाचित्रांत मात्र ती सापडतात. त्यांपैकी रंगीत स्लाइडचा साठा अद्याप फारसा अभ्यासला गेलेला नाही.

पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय कार्यरत झाले. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट चित्रफितींचा मोठा साठा नष्ट झाला. त्या घटनेने फिल्मच्या जतनाचा प्रश्न सर्वांसमोर आला. तथापि तो प्रश्न चित्रपटांपुरता नाही. घरातील लोखंडी कपाटात, बुटांच्या खोक्यात किंवा माळ्यावर ठेवलेल्या स्लाइडना कोणत्याही संस्थेचे छत्र नसते. स्लाइड फिल्मचा पाया ॲसिटेटचा असल्याने ती नायट्रेटसारखी पेट घेत नाही. परंतु बुरशी, ओलावा, धूळ व रंग उडणे यांमुळे ती हळूहळू नष्ट होते. कोडॅक कंपनीने २००४ मध्ये स्लाइड प्रक्षेपकांचे उत्पादन थांबविले. त्यामुळे स्लाइड पाहण्याचे साधनही दुर्मीळ झाले आणि स्कॅनिंग हाच व्यवहार्य मार्ग उरला.

प्रस्तुत लेखकास या विषयाकडे वळविणारा प्रसंग येथे नमूद करणे उचित ठरेल. परिसरातील एका निवृत्त कारखाना-प्रशिक्षकाच्या कुटुंबाने त्यांच्या स्लाइड एका व्यावसायिकाकडून स्कॅन करून घेतल्या. मिळालेली चित्रे ‘स्वच्छ’ होती. परंतु शिकाऊ कामगारांचे चेहरे मेणाच्या पुतळ्यांसारखे दिसत होते, लेथ यंत्रावरील पाटी वाचता येत नव्हती आणि चाकणजवळच्या शेताच्या एका चित्रात कांद्याचे वाफे विरघळून हिरव्या चादरीसारखे झाले होते. स्कॅनिंग पूर्ण झाले म्हणून मूळ स्लाइड भंगारात देण्याचा विचार घरात चालू होता. सुदैवाने त्या दिल्या गेल्या नव्हत्या. त्याच स्लाइड नव्याने स्कॅन केल्या असता जे दिसले, त्याचा उल्लेख लेखात पुढे येईल.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

१) स्लाइडच्या स्कॅनिंगमध्ये दिसणाऱ्या दाणेदारपणाची खरी कारणे स्पष्ट करणे.
२) हाताळणीतून उद्भवणारे दोष ओळखण्याच्या पद्धती सांगणे.
३) या पट्ट्यातील हवामान व परिस्थिती लक्षात घेऊन व्यवहार्य उपाय सुचविणे.

यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचनास प्रत्यक्ष स्कॅनिंगच्या अनुभवाची जोड दिली आहे.

३. स्लाइडची घडण व ग्रेनचे स्वरूप :

दोषांचे निदान करण्यापूर्वी स्लाइडमध्ये चित्र कसे तयार होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. स्लाइड ही रिव्हर्सल फिल्म होय. तिच्या पारदर्शक पायावर जिलेटिनच्या थरांत चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक बसविलेले असतात. पहिल्या विकासक द्रावणात प्रकाश लागलेले स्फटिक चांदीत रूपांतरित होतात व नकारात्मक प्रतिमा बनते. उरलेल्या स्फटिकांचा नंतर रंगविकासक द्रावणात विकास होतो आणि त्यांच्याभोवती रंगद्रव्य तयार होते. शेवटी सर्व चांदी धुऊन काढली जाते. म्हणजे तयार स्लाइडमध्ये चांदीचे कण नसून त्यांच्या जागी राहिलेले रंगद्रव्याचे सूक्ष्म ढग असतात. छायाचित्रकार ज्याला ग्रेन म्हणतात, तो या ढगांच्या समूहाचा दृश्य परिणाम होय.

मोठे स्फटिक प्रकाशाला अधिक संवेदनशील असल्याने पहिल्या विकासातच ते बहुतांशी खर्ची पडतात आणि अंतिम प्रतिमा तुलनेने बारीक स्फटिकांपासून बनते. म्हणून समान वेगाच्या निगेटिव्ह फिल्मपेक्षा स्लाइड सामान्यतः अधिक बारीक पोताची असते. २५ किंवा ६४ वेगाच्या कोडाक्रोममध्ये ग्रेन अत्यल्प, तर ४०० वेगाच्या एक्टाक्रोममध्ये ठळक दिसतो. यावरून एक गोष्ट लक्षात येते. मंद वेगाच्या, योग्य प्रकाशित स्लाइडचे स्कॅन खडबडीत आले, तर प्रथम संशय फिल्मवर नव्हे, स्कॅनिंगच्या प्रक्रियेवर घ्यावा.

कोडाक्रोम १९३५ मध्ये बाजारात आली व तिचे उत्पादन २००९ मध्ये बंद झाले. तिच्यात रंग घडविणारी रसायने फिल्ममध्ये नसून विकासाच्या वेळी मिसळली जात. एक्टाक्रोम व तत्सम फिल्ममध्ये ती थरांतच असतात. हा भेद केवळ ऐतिहासिक नाही. स्कॅनिंगवर त्याचा प्रत्यक्ष परिणाम होतो, हे पुढे दिसेल.

४. निदानाच्या चार कसोट्या :

वैद्य रोग्याला तपासल्यावाचून औषध देत नाही. स्कॅनिंगमध्येही हाच क्रम असावा. पुढील चार कसोट्यांना विशेष खर्च येत नाही.

पहिली कसोटी : स्लाइड प्रकाशपेटीवर ठेवून दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पाहावी. भिंगात पोत गुळगुळीत असून स्कॅनमध्ये खडबडीत असेल, तर दोष बहुधा स्कॅनिंगमध्ये आहे. भिंगातही दाणे दिसत असतील, तर ते फिल्मचे आहेत.

दुसरी कसोटी : स्लाइड न हलविता लागोपाठ दोनदा स्कॅन करावी व दोन्ही चित्रे पूर्ण आकारात शेजारी ठेवून पाहावीत. फिल्मचा ग्रेन व धूळ दोन्ही चित्रांत त्याच ठिकाणी राहतात. संवेदकातील विद्युत गडबड, जिला व्यवहारात ‘नॉइज’ म्हणतात, ती मात्र प्रत्येक वेळी बदलते.

तिसरी कसोटी : स्लाइड १८० अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करावी. चित्राबरोबर फिरलेला डाग स्लाइडवरचा असतो. जागा न सोडणारा डाग किंवा सरळ रेघ स्कॅनरची असते. स्कॅनरच्या संवेदकावर किंवा आरशावर बसलेला एक धुलिकण संपूर्ण चित्रभर लांब रेघ उमटवितो. अशा वेळी स्लाइड पुसत बसणे व्यर्थ होय.

चौथी कसोटी : सर्व स्वयंचलित दुरुस्त्या बंद करून एक स्कॅन घ्यावा. रेषा ठळक करणे, ग्रेन कमी करणे, धूळ काढणे व रंग आपोआप सुधारणे या सुविधा अनेक स्कॅनरमध्ये आधीच चालू ठेवलेल्या असतात. रेषा ठळक करणारी सुविधा ग्रेनचीही धार वाढविते. अनेकदा ती बंद करताच निम्मी तक्रार मिटते.

५. दाणेदारपणाची कारणे व उपाय :

५.१ अल्पप्रकाशित स्लाइड : स्लाइड फिल्मची प्रकाश सहन करण्याची मर्यादा अरुंद असते. कारखान्याच्या शेडमध्ये, तिपाई व पुरेशा दिव्यांविना घेतलेल्या स्लाइड बहुधा काळपट असतात. स्लाइडमधील गडद भागाची घनता ३ असेल, तर तेथून प्रकाशाचा केवळ हजारावा भाग पार जातो, घनता ३.६ असेल, तर सुमारे चार हजारावा भाग. एवढ्या क्षीण प्रकाशात संवेदकाची गडबड प्रतिमेच्या बरोबरीला येते आणि संगणकावर चित्र उजळताच ती दाण्यांच्या रूपाने वर येते. हा ग्रेन नव्हे. दुसऱ्या कसोटीत तो तत्काळ ओळखू येतो.

यावर तीन उपाय आहेत. एक, उजळपणा नंतर न वाढविता स्कॅन करतानाच प्रकाश लागण्याचा काळ वाढवावा. दोन, प्रत्येक रंगासाठी १६ बिटांत स्कॅन करावे. तीन, स्कॅनरमध्ये एकाच ओळीचे अनेक वेळा वाचन करून सरासरी घेण्याची सोय असल्यास ती वापरावी. अनियमित गडबड वाचनसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. चार वाचनांत ती निम्मी व सोळा वाचनांत एक चतुर्थांश होते. फिल्मचा खरा ग्रेन मात्र सरासरीने कमी होत नाही, कारण तो प्रत्येक वाचनात त्याच जागी असतो.

५.२ कृत्रिम प्रकाशातील रंगछटा : दिवसाच्या प्रकाशासाठी बनविलेली फिल्म साध्या बल्बच्या प्रकाशात वापरल्यास चित्र नारिंगी येते. कारण या प्रकाशात निळा अंश कमी असल्याने स्लाइडमध्ये पिवळे रंगद्रव्य जास्त साचते आणि ते स्कॅनरचा निळा प्रकाश अडविते. परिणामी निळ्या वाहिनीत अत्यल्प माहिती येते. नंतर संगणकावर रंग सुधारताना ही वाहिनी अनेक पटींनी वाढविली जाते व तिच्यासोबत नॉइजही वाढतो. सावलीच्या भागात निळे-पिवळे ठिपके दिसतात, ते याचमुळे. शक्य असल्यास स्कॅनिंगच्या वेळीच निळ्या वाहिनीला स्वतंत्रपणे अधिक प्रकाश द्यावा. व्ह्यूस्कॅन, सिल्व्हरफास्ट यांसारख्या आज्ञावलींत वाहिन्या वेगवेगळ्या तपासता येतात. स्कॅनर साथ देत असेल, तर प्रत्येक वाहिनीचा प्रकाश वेगळा ठरविण्याची सोयही मिळते.

५.३ अपुरे नमुने घेतल्याने येणारा आभासी ग्रेन : स्कॅनर चित्राचे चौकटीत तुकडे करून वाचतो. ४००० डीपीआयला प्रत्येक चौकट ६.३५ मायक्रॉनची, तर २००० डीपीआयला १२.७ मायक्रॉनची असते. चौकटीचे माप ग्रेनच्या समूहाच्या मापाजवळ आले, की दोहोंच्या अंतरात विसंगती निर्माण होते आणि फिल्ममध्ये नसलेला जाडाभरडा पोत चित्रात उमटतो. निळ्या आकाशात तो विशेष जाणवतो. म्हणून मध्यम विभेदनक्षमतेवर स्कॅन करणे हे काटकसरीचे वाटले तरी हिताचे नाही. स्कॅनरच्या सर्वोच्च प्रकाशीय विभेदनक्षमतेवर स्कॅन करावे आणि लहान प्रत हवी असल्यास नंतर सरासरीने आकार कमी करावा. ३५ मिमी स्लाइडची २४ × ३६ मिमीची चौकट ४००० डीपीआयला सुमारे ३७८० × ५६६९ बिंदूंची, म्हणजे सुमारे २ कोटी १४ लाख बिंदूंची होते. १६ बिटांत तिची फाइल सुमारे १२९ मेगाबाइटची असते. आजच्या साठवण साधनांच्या मानाने हा भार मोठा नाही.

सपाट काचेच्या स्कॅनरबाबत एक सावधगिरी हवी. जाहिरातीत ६४०० डीपीआय असा आकडा असला, तरी प्रत्यक्ष मिळणारा तपशील त्याच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. आकडा वाढविल्याने फाइल फुगते, माहिती वाढत नाही.

५.४ प्रकाशस्रोताचे स्वरूप : एकाच दिशेने येणारा तीव्र प्रकाश ओरखडे, धूळ व पोत ठळक करतो, पसरलेला प्रकाश त्यांना सौम्य करतो. काही फिल्म स्कॅनरमध्ये पहिल्या प्रकारचा प्रकाश असतो. त्यामुळे प्रक्षेपकावर निर्दोष दिसलेली स्लाइड स्कॅनमध्ये ओरखड्यांनी भरलेली दिसू शकते. स्लाइड अलीकडे खराब झाली, असा निष्कर्ष यावरून लगेच काढू नये.

५.५ खरा ग्रेन : वरील सर्व कारणे दूर केल्यानंतर जो पोत उरतो तो फिल्मचा स्वभाव होय. तो मूळ फाइलमध्ये तसाच राहू द्यावा. प्रदर्शनासाठी किंवा छपाईसाठी तो सौम्य करायचा असल्यास वेगळ्या प्रतीवर करावा. ग्रेन कमी करणाऱ्या आज्ञावलीला दाणा व तपशील यांतील फरक नेहमी कळतोच असे नाही. तिच्या दृष्टीने पेरलेल्या मातीचा पोत, लुगड्याची वीण, यंत्रावरील कोरीव अक्षरे आणि फिल्मचे दाणे हे सर्व सारखेच. प्रस्तावनेतील कांद्याचे वाफे नाहीसे होण्याचे कारण हेच होते. ही सुविधा बंद करून तीच स्लाइड पूर्ण विभेदनक्षमतेवर स्कॅन केली, तेव्हा वाफे, त्यांच्यामधून गेलेला पाट, बांधावरचे बाभळीचे झाड व वाकून काम करणाऱ्या दोन स्त्रिया स्पष्ट दिसू लागल्या. पाट व बाभूळ यांवरून घरातील वृद्धांनी ते शेत कोणते, हे ओळखले. त्या जागी आता कारखान्याची शेड आहे. पहिल्या, ‘स्वच्छ’ चित्रावरून ही ओळख पटणे अशक्य होते.

६. हाताळणीतून उद्भवणारे दोष :

६.१ धूळ : पुणे-नाशिक महामार्गावरील अवजड वाहतूक व सततची बांधकामे यांमुळे या पट्ट्यातील घरांत धूळ सतत येत राहते. स्कॅनिंगची खोली पंखा बंद करून, फरशी ओल्या फडक्याने पुसून तयार करावी. स्लाइडवरील धूळ रबरी फुग्याच्या हवेने उडवावी. त्यानंतरच मऊ, स्थिर विद्युत घालविणारा ब्रश हलक्या हाताने फिरवावा. तोंडाने फुंकर घालू नये, कारण थुंकीचे थेंब कायमचे डाग पाडतात. धोतराच्या किंवा साडीच्या मऊ कापडाने पुसण्याची सवय तर कटाक्षाने टाळावी. कापडात अडकलेला वाळूचा एक कण जिलेटिनवर ओरखडा काढण्यास पुरेसा असतो.

६.२ बोटांचे ठसे व तेल : स्लाइड नेहमी माउंटच्या कडेला धरावी, सुती मोजे वापरावेत. पायाच्या चकचकीत बाजूवर ठसा असल्यास ९९ टक्के शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेला भिंगाचा कागद एकाच दिशेने फिरवावा. आधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या स्लाइडवर चाचणी घ्यावी. २०२० नंतर घराघरांत आलेले सॅनिटायझर या कामी वापरू नये. त्यात पाणी, ग्लिसरीन व सुगंध असतात. औषधाच्या दुकानातील स्पिरिटमध्येही पाण्याचा अंश असतो.

६.३ बुरशी : जिलेटिन हे प्राणिज प्रथिन असल्याने ओलसर हवेत त्यावर बुरशी वाढते. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांच्या वर राहिल्यास धोका वाढतो. स्कॅनमध्ये बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी किंवा फांद्या फुटलेल्या रेषांसारखी दिसते. येथे पाण्याचा वापर सर्वांत घातक ठरतो. बुरशीने पोखरलेले जिलेटिन पाण्यात विरघळते व डागासोबत चित्रही वाहून जाते. बाधित स्लाइड प्रथम वेगळ्या कराव्यात, कोरड्या जागी ठेवाव्यात, तोंडावर मुखपट्टी बांधून हाताळाव्यात आणि आहेत त्या स्थितीत स्कॅन कराव्यात. स्वच्छतेचा निर्णय त्यानंतर, जाणकाराच्या सल्ल्याने घ्यावा.

६.४ फुगलेली फिल्म व असमान स्पष्टता : पुठ्ठ्याच्या माउंटमधील फिल्म उष्णतेने व ओलाव्याने मध्यभागी फुगते. मग मधला भाग स्पष्ट व कोपरे धूसर, किंवा याच्या उलट, असे चित्र येते. पुष्कळजण याला भिंगाचा दोष मानतात. परंतु मध्यभागी ग्रेन टोचण्याइतका स्पष्ट आणि कोपऱ्यात नाहीसा झालेला असेल, तर कारण वक्रता हेच समजावे. स्पष्टता ठरविण्याचा बिंदू अगदी मध्यावर न घेता मध्य व कोपरा यांच्या दरम्यान घ्यावा. स्लाइड स्कॅनरमध्ये काही क्षण स्थिरावू द्यावी. तरीही दोष राहिल्यास पुठ्ठा काळजीपूर्वक उघडून फिल्म प्लॅस्टिकच्या नव्या माउंटमध्ये बसवावी. मात्र जुन्या माउंटवरील मजकूर आधी छायाचित्रित करून ठेवावा.

६.५ काचेचे माउंट व वलये : काचेत बसविलेल्या स्लाइड सपाट राहतात, पण काच व फिल्म जेथे जवळजवळ चिकटतात तेथे प्रकाशलहरींच्या परस्परक्रियेमुळे इंद्रधनुषी वलये दिसतात. त्यांना न्यूटनची वलये म्हणतात. ओलाव्यामुळे फिल्म फुगली की ती वाढतात. अशा स्लाइड कोरड्या दिवसांत काचेबाहेर काढून स्कॅन कराव्यात. फिल्म काचेला चिकटली असल्यास ओढू नये.

६.६ उलटी स्लाइड : चित्र आरशातल्यासारखे उलटे आले, तर कारखान्याच्या पाट्या वाचता येत नाहीत आणि यंत्राची रचनाही चुकीची समजते. इमल्शनची बाजू तुलनेने निस्तेज असते. कोडाक्रोममध्ये तर तिरप्या प्रकाशात चित्राचा उठाव स्पष्ट दिसतो. पायाच्या, म्हणजे चकचकीत बाजूने पाहिल्यास अक्षरे सुलट दिसतात.

७. अवरक्त स्वच्छता व कोडाक्रोमचा अपवाद :

अनेक फिल्म स्कॅनरमध्ये धूळ काढण्यासाठी अवरक्त किरणांचा उपयोग केला जातो. एक्टाक्रोमसारख्या फिल्ममधील रंगद्रव्यांतून हे किरण पार जातात, धूळ व ओरखडे मात्र त्यांना अडवितात. त्यामुळे अवरक्त चित्रात केवळ दोषच दिसतात व आज्ञावली तेवढीच जागा आसपासच्या बिंदूंनी भरून काढते. या तत्त्वाची मर्यादाही याच विधानात आहे. कृष्णधवल फिल्ममधील चांदी अवरक्त किरणांना अडविते, म्हणून तेथे संपूर्ण चित्रच दोष समजले जाते. कोडाक्रोमच्या गडद भागांतही हे किरण बऱ्याच प्रमाणात अडतात. परिणामी विजेच्या तारा, छपराच्या कैच्या, चष्म्याच्या काड्या असा गडद व बारीक तपशील आज्ञावली धूळ समजून खाऊन टाकते. काही मोजक्या स्कॅनरमध्ये कोडाक्रोमसाठी वेगळी व्यवस्था होती. इतरत्र ही सुविधा कोडाक्रोमसाठी बंद ठेवणे इष्ट. माउंटवरील नाव वाचणे ही म्हणूनच तांत्रिक गरज आहे. नाव नसल्यास इमल्शनचा उठाव पाहावा.

८. कॅमेऱ्याच्या साह्याने स्कॅनिंग :

चांगल्या फिल्म स्कॅनरपैकी अनेकांचे उत्पादन बंद झाल्याने आज डिजिटल कॅमेरा व मॅक्रो भिंग यांचा पर्याय पुढे आला आहे. पूर्ण चौकटीच्या, ६००० बिंदू रुंदीच्या कॅमेऱ्याने १:१ प्रमाणात घेतलेले चित्र सुमारे ४२०० डीपीआयच्या स्कॅनइतके असते. प्रकाशस्रोत रंग यथार्थ दाखविणारा व समान पसरलेला असावा आणि संवेदक व स्लाइड परस्परांस समांतर असावेत. या पद्धतीत अवरक्त स्वच्छता नसते. म्हणून धूळ आधीच काढणे अधिक महत्त्वाचे ठरते. औद्योगिक पट्ट्यात आणखी एक अडचण येते. जवळून अवजड कंटेनर गेला किंवा शेजारच्या शेडमध्ये प्रेस चालू असला, की टेबल सूक्ष्म थरथरते आणि ग्रेनसकट सर्व चित्र पुसट होते. असे चित्र ‘ग्रेनमुक्त’ म्हणून स्वीकारण्याची चूक होऊ शकते. ग्रेन स्पष्ट दिसणे हीच येथे स्पष्टतेची खूण मानावी.

९. ऋतुमानानुसार कामाचे नियोजन :

पुणे परिसरात जून ते सप्टेंबर या काळात हवा दमट असते. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. या काळात बुरशी, वक्रता व न्यूटनची वलये हे तिन्ही दोष बळावतात. मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा अत्यंत कोरडी होऊन स्थिर विद्युत वाढते आणि उडविलेली धूळ पुन्हा स्लाइडला चिकटते. त्यामुळे पाऊस ओसरल्यानंतरचा, साधारणतः दिवाळी ते संक्रांतीचा काळ या कामास सर्वांत अनुकूल ठरतो. पावसाळ्यात पेट्या उघडण्याऐवजी माउंटवरील नोंदींची यादी करणे, वृद्धांच्या आठवणी नोंदविणे ही कामे करावीत.

साठवणीसाठी हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवावे व ते वेळोवेळी तापवून कोरडे करावे. पीव्हीसीच्या मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळून पॉलिप्रॉपिलीनच्या वापराव्यात. डांबरगोळ्या पेटीत ठेवू नयेत.

१०. निष्कर्ष :

१) स्कॅनमध्ये दिसणारा प्रत्येक दाणा हा ग्रेन नसतो. अल्पप्रकाश, रंगवाहिनीतील असमतोल, अपुरी विभेदनक्षमता, रेषा ठळक करण्याची सुविधा व धूळ ही त्याची अधिक संभाव्य कारणे आहेत.
२) भिंगातून पाहणे, पुन्हा स्कॅन करणे, स्लाइड फिरविणे व स्वयंचलित दुरुस्त्या बंद करणे या चार कसोट्यांनी बहुतेक दोषांचे मूळ ओळखता येते.
३) अवरक्त स्वच्छता फिल्मचा प्रकार पाहूनच वापरावी; कोडाक्रोम व कृष्णधवल फिल्मसाठी ती सामान्यतः अयोग्य आहे.
४) बुरशीवर पाण्याचा प्रयोग करू नये.

११. सूचना :

१) प्रत्येक स्लाइडची एक मूळ, असंस्कारित, १६ बिटांची टिफ फाइल जतन करावी व सर्व सुधारणा तिच्या प्रतीवर कराव्यात.
२) माउंटच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. हाताने लिहिलेली तारीख व गाव हा चित्राइतकाच महत्त्वाचा पुरावा असतो.
३) व्यावसायिकाकडे काम देताना ‘ग्रेन काढू नये, रेषा ठळक करू नयेत’ अशी लेखी सूचना द्यावी व आधी पाच-सहा स्लाइडचा नमुना पाहावा.
४) परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी विद्यार्थ्यांच्या साह्याने अशा संग्रहांची नोंद घ्यावी.
५) स्कॅनिंग झाले तरी मूळ स्लाइड टाकून देऊ नयेत.

शेवटच्या सूचनेविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक वाटते. स्कॅन हे मूळ चित्राचे एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट यंत्राने केलेले वाचन असते. वाचन चुकले तर पुन्हा वाचता येते. परंतु त्यासाठी मूळ शिल्लक असावे लागते. ज्या कुटुंबाचा उल्लेख वर आला, त्यांनी त्या स्लाइड आता पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्यांत, सिलिका जेलसह ठेवल्या आहेत. लेथवरील पाटी दुसऱ्या स्कॅनमध्ये वाचता आली आणि शिकाऊ कामगारांपैकी काहींची नावे माउंटच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली सापडली. पहिल्या स्कॅनिंगच्या वेळी माउंटची मागील बाजू कोणी पाहिलीच नव्हती.